डी अँड डीवाले पूर्वीपण एवढंच भांडायचे का?

प्रश्न म्हापशाच्या एका मुलाने विचारलाय, डी अँड डीबद्दल, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा गेम. थोडक्यात असा: "आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, डी अँड डी खेळतो. २०२४ ची नियमांची नवीन पुस्तकं आल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर रोज तंटा. अर्धे म्हणतात जुनंच बरं, अर्धे म्हणतात अपडेट व्हा. एकाने तर ग्रुपच सोडला. तुम्ही जुने लोक, तुमच्या वेळी पण असंच होतं का, की आम्हीच भांडखोर?" सोबत ग्रुपचे स्क्रीनशॉटपण पाठवलेत, ते वाचून मग लिहितोय.

भांडायचे रे बाबा, दाबून भांडायचे, आणि एकेक भांडण महिनोन् महिने चालायचं. मी पणजीत बरीच वर्षं टेबल चालवतोय, ग्रुपही सांभाळतो, आणि त्याच्या आधी फर्मागुडीला इंजिनीअरिंगला असताना फोंड्याच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ह्या लोकांची भांडणं वाचत बसायचो. खेळायला पुस्तक नव्हतं, ते कुठे मिळतं हेही माहीत नव्हतं, पण भांडणं हवी तेवढी मिळायची. अर्धे नियम तर मी पुस्तक हातात यायच्या आधी लोकांच्या शिव्यांमधूनच शिकलो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग पुढचं लांबण वाचायचं की नाही ते तू ठरव. भांडणाचा जोर तेवढाच आहे, विषयपण अर्धेअधिक तेच आहेत, पण माणूस कोणाला ऐकू जावं म्हणून भांडतो ते बदललंय. आधी समोरच्याला पटवायचं असायचं. मग बघ्यांना दाखवायचं सुरू झालं. आणि आता बहुतेक वेळा गेम काढणाऱ्या कंपनीच्या कानावर गेलं पाहिजे म्हणून ओरडतात, समोरचा बिचारा नुसता मध्ये सापडतो.

सुरुवात इंटरनेटच्याही आधीची आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला १९७४ ला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांचा, आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड ह्या बाईंनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे पत्रक सुरू केलं. प्रत्येकाने आपापली पानं लिहून पाठवायची, बाई ती एकत्र बांधून सगळ्यांना पोस्टाने धाडणार, आणि ह्या अंकात कोणी काय म्हटलं त्याला उत्तर पुढच्या अंकात. आपल्याकडे राजभाषेचा वाद पेपरातल्या वाचकांच्या पत्रांतून कसा चालायचा ते घरातल्या मोठ्यांना विचार, मराठीवाला एक पत्र टाकणार, कोंकणीवाला आठ दिवसांनी त्याचा एकेक मुद्दा घेऊन सोलणार, साधारण तसलंच. राग असायचाच, पण कागद घेऊन बसलं आणि पोस्टाचे पैसे भरायचे असले की माणूस निदान पूर्ण वाक्य लिहितो. ह्याच काळात, १९८० ला, ग्लेन ब्लॅको नावाच्या माणसाने खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले: ताकद वाढवणारे, पात्र जगणारे, डावपेच लढवणारे आणि गोष्ट सांगणारे. तुमच्या ग्रुपमध्ये हे चारही बसलेत, स्क्रीनशॉटमध्ये मला नावानिशी दिसले.

मग यूझनेट, म्हणजे इंटरनेटवरचे सुरुवातीचे लेखी चर्चेचे ग्रुप. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलचं, आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिकडे यूझनेटवर ही मंडळी दहा-पंधरा वर्षं भांडून पिकलेली होती. तिथे रेक.गेम्स.एफआरपी.अ‍ॅडव्होकसी असा एक ग्रुप होता, नावातच वकिली. तिथला एक वाद सांगतो कारण तो अजून तुमच्या टेबलावर दर रविवारी होत असणार. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, पडद्यामागे फासा टाकतो, ट्रोल ह्या राक्षसाचा १९ पडतो, म्हणजे हिरो मेला, तोही कुठल्यातरी फालतू पुलावरच्या मारामारीत. डीएम म्हणतो "नऊ पडले, हुकला". बरोबर की चूक? एक म्हणणार गोष्ट वाचली, उत्तम. दुसरा म्हणणार मग फासा टाकलासच कशाला, मी डोकं लावून खेळतो त्याला किंमत काय राहिली. तिसरा म्हणणार मला गोष्टपण नको नि जिंकणंपण नको, त्या जगात ट्रोलने मारलं तर माणूस मरतो, विषय संपला.

ह्या आणि असल्या वादांतून १९९७ च्या सुमारास तिथल्या मेरी कूनर ह्यांनी तीन टोकांना नावं देऊन टाकली, ड्रामॅटिस्ट, गेमिस्ट, सिम्युलेशनिस्ट, आणि जॉन किम ह्यांनी ते सगळं नीट लिहून काढलं. म्हणजे भांडणातून हाताला काहीतरी लागलं. आजही नवीन डीएम माझ्याकडे आला की मी त्याला हेच विचारतो, की तू असा निर्णय दिलास तो गोष्टीसाठी, खेळाच्या न्यायासाठी, की त्या जगाच्या तर्कासाठी? उत्तर कुठलंही चालतं, पण माहीत पाहिजे.

तिथे असं का जमायचं ह्याला कारण आहे. उत्तर देताना समोरच्याची प्रत्येक ओळ आधी उतरवली जायची, पुढे खूण लागून, आणि त्या ओळीखाली तुमचं म्हणणं. त्यामुळे मधला अडचणीचा मुद्दा गुपचूप गिळता यायचा नाही, कोणीतरी बोट ठेवायचंच. ह्याचा त्रासपण तेवढाच, स्वल्पविरामावरून भांडणारे लोक मी तिथेच पहिल्यांदा बघितले. दुसरं म्हणजे बहुतेक ग्रुपांना अ‍ॅडमिनच नव्हता. कोणाला काढून टाकता यायचं नाही. फारतर आपल्यापुरती त्याची पोस्ट दिसायची बंद करायची, आणि तसं केलंय हे जाहीर करायला एकच शब्द लिहायचे, 'प्लॉन्क', म्हणजे माणूस डबड्यात पडल्याचा आवाज! पण तो लिहायचा थांबायचा नाही, बाकीच्यांना दिसायचाच. ग्रुप सोडून जाणं वगैरे नाट्य करून उपयोग नव्हता, कारण कोणाला कळायचंच नाही.

आणि कंपनीचा राग तेव्हाही होता हं, तो काही आज डी अँड डीची मालक असलेल्या हासब्रोने आणलेला नाही. १९९४ ला टीएसआरने, म्हणजे तेव्हा डी अँड डी काढणाऱ्या कंपनीने, चाहत्यांना सांगितलं की आमच्या गेमवर आधारलेलं तुमचं साहित्य इंटरनेटवर कुठेही ठेवायचं नाही, ठेवायचं तर आम्ही मान्य केलेल्या एका सर्व्हरवर. लोक इतके खवळले की टीएसआर लिहिताना मधल्या एसच्या जागी डॉलरची खूण घालायला लागले. झालं काय? काहीच नाही. शिव्या देणारे हजारो मैलांवर विखुरलेले, कंपनीला त्यांची फिकीर करायचं कारणच नव्हतं. पुढे १९९७ ला टीएसआर बुडायला आली नि विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली, पण ती बुडाली स्वतःच्या धंद्यातल्या गोंधळामुळे, ह्या शिव्यांमुळे नव्हे.

२००० नंतर रॉन एडवर्ड्स आणि मंडळींचं 'द फोर्ज' ही चर्चेची वेबसाइट जोरात होती, ती २०१२ ला बंद केली. त्यांचा हट्ट असा की हवेत बोलू नका, तुमच्या टेबलावर प्रत्यक्ष काय झालं ते आधी लिहा. हा हट्ट मला अजूनही पटतो. त्यातून लोकांनी छोटे छोटे स्वतःचे गेम काढले, व्हिन्सेंट बेकरचा 'डॉग्ज इन द विनयार्ड' त्याच गोतावळ्यातला, आणि त्याचाच २०१० चा 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' तर आज कितीतरी गेमांचा बाप आहे. पण त्यांची परिभाषा एवढी जड झाली की बाहेरचा माणूस दोन पानं वाचून पळून जायचा, आणि आत बसलेल्यांना त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं असं मला तेव्हाही वाटायचं.

खरा सांधा बदलला २००८ ला. डी अँड डीची चौथी एडिशन, म्हणजे नियमांची नवी आवृत्ती, आली. लढवय्या फायटर असो की जादूगार विझर्ड, सगळ्यांना एकाच साच्यातल्या पॉवर्स, काही कितीही वेळा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. लोक म्हणाले हे तर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट झालं, कॉम्प्युटरवरचा गेम. त्यात कंपनीने लायसन्सपण बदललं, पण २००० सालचं जुनं ओपन गेम लायसन्स, म्हणजे हे नियम इतरांना वापरू देणारा परवाना, अजून उभं होतं, ते धरून पायझो ह्या दुसऱ्या कंपनीने २००९ ला पाथफाइंडर काढला, म्हणजे जुन्या नियमांनाच नवा मालक मिळाला. आता भांडणाला दोन बाजू, दोन दुकानं, दोन झेंडे. आधी एक माणूस एका वादात इकडे नि दुसऱ्या वादात तिकडे असायचा, आता बाजू एकदा ठरली की ठरली. माझं मत विचारशील तर चौथ्या एडिशनएवढी मजेशीर लढाई डी अँड डीमध्ये आधी नव्हती आणि नंतरही नाही, पण हे मी तेव्हा बोललो असतो तर माझं ऐकायच्या आधी लोकांनी मी कुठल्या पार्टीचा ते विचारलं असतं. एक सत्र न खेळलेली माणसंही ठाम मत घेऊन फिरत होती, कारण मत खेळाबद्दलचं नव्हतंच.

मिनिएचरवाल्यांचंही, म्हणजे छोटी सैन्यं रंगवून लढवणाऱ्यांचं, तेच. २०१५ ला गेम्स वर्कशॉपने जुनं वॉरहॅमर फँटसीचं जग मोडून एज ऑफ सिग्मार आणलं तेव्हा एकाने रंगवलेलं आपलं सैन्य जाळून व्हिडिओ टाकला. सैन्य जाळून समोरच्याला काय पटवणार?

बोर्डगेमवाल्यांकडे वेगळी गंमत, तिथे भांडण आकड्यात मावायला लागलं. बोर्डगेमगीक ही वेबसाइट २००० ला सुरू झाली, गेमला एक ते दहा मार्क द्या, मार्कांवरून यादी. मग आपला गेम पहिला राहावा म्हणून दुसऱ्याला मुद्दाम एक द्यायचा प्रकार आला. एक मार्क देणाऱ्याशी बोलणार काय?

पण पोर्तो रिकोचं सांगतो, ते जास्त महत्त्वाचं आहे. २००२ चा गेम, बरीच वर्षं त्या यादीत पहिला. त्यात जहाजातून तपकिरी रंगाच्या छोट्या चकत्या येतात, त्यांना नियमपुस्तकात वसाहतकरी म्हटलंय, आणि त्या आपण नीळ, ऊस, तंबाखूच्या मळ्यांवर ठेवतो, मग मळा चालतो. सुरुवातीच्या वर्षांत लोक भांडायचे ते सुरुवातीला मका मिळालेल्या खेळाडूला फायदा होतो की नाही ह्यावर. बेस्ट भांडण, गणितं घालून. मग हळूहळू त्याच चकतीवर दुसरं भांडण आलं, की कॅरिबियनमधल्या उसाच्या मळ्यावर जहाजातून आणलेला तपकिरी माणूस म्हणजे कोण, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, मग तोंडावर बोट का? २०१९ ला जीएमटी ह्या प्रकाशकाने 'स्क्रँबल फॉर आफ्रिका' नावाचा गेम लोकांच्या टीकेनंतर आपल्या यादीतून काढून टाकला, आणि पोर्तो रिकोचीपण पुढे १८९७ सालात बसवलेली नवीन आवृत्ती आली.

आता आमचीच गोष्ट. 'गोवा' नावाचा गेम आहे, २००४ चा, रुडिगर डोर्न ह्या जर्मन डिझायनरचा. सोळाव्या शतकाची सुरुवात, पोर्तुगीज व्यापारी, मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ, जायफळ. पाच बाय पाचच्या टाइल्सचा लिलाव, आणि बोलीचे पैसे बँकेत न जाता ती टाइल बोलीला काढणाऱ्या खेळाडूच्या खिशात जातात, ही कल्पना इतकी सुंदर आहे की मी अजून तो गेम काढतो. पणजीत पहिल्यांदा मांडला तेव्हा दिवाडीचा एक जण पेटीवरचं चित्र उलटसुलट बघून म्हणाला, "नांव गोंय, पूण गोंयकार खंय आसा?" सगळे हसले. मग खेळलो, मग चहा झाला, मग पुन्हा तोच विषय निघाला. कोणी म्हणालं जर्मन माणसाने निदान नाव तरी घेतलं, कोणी म्हणालं माझ्या घराण्याने त्याच काळात गाव सोडलं, देव उचलून नदीपलीकडे नेला, मला मिरीचे पॉइंट मोजताना मजा येते आणि ते खटकतंपण. दोन्ही एकदम. त्या बोलण्यात कोणी हरलं नाही नि जिंकलं नाही, पुढच्या रविवारी पुन्हा तोच गेम मांडला.

हे मी नंतर ऑनलाइन एका चर्चेत लिहिलं. तिथे एक युरोपातला माणूस मला समजवायला लागला की हे नुसतं थीम आहे, मनाला लावून घेऊ नका. लगेच दुसरा, तोही तिकडचाच, त्याच्यावर तुटून पडला की गोव्याच्या लोकांच्या भावना दुखावल्यात, असले गेम बंदच झाले पाहिजेत. दोघं एकमेकांत अशी जुंपले की मी लिहिलेलं कोणी परत वाचलंच नाही. मला गेम आवडतो, हे एकाला ऐकायचं नव्हतं, खटकतो, हे दुसऱ्याला. आम्ही दोघांनाही फक्त दाखला म्हणून हवे होतो.

ट्विटरवर हे सगळं अजून आखूड झालं. २०२० ला विझर्ड्सने जाहीर केलं की ऑर्क, ड्राऊ वगैरे जमाती जन्मतःच दुष्ट दाखवायचं आम्ही बदलतोय, तेव्हा त्यात खेळाच्या अंगाने बोलण्यासारखं खूप होतं. शत्रू आपोआप दुष्ट नसला तर डीएमने मोहीम कशी बांधायची, हा मस्त प्रश्न आहे. पण दोन ओळींत तो मावत नाही, दोन ओळींत फक्त तू कसला माणूस आहेस एवढंच मावतं. स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे टाकला की झालं, आता मूळ माणूस हजरपण नाही.

पण पूर्वी सगळं सोन्याचं होतं असा सूर मला लावायचा नाही. यूझनेटवर एखादी बाई लिहायला लागली की तिला आधी आपण खरंच खेळतो हे सिद्ध करावं लागायचं, नवीन पोराने साधा प्रश्न विचारला तर आधी जुनं सगळं वाचून ये म्हणून हाकलायचे. २०१५ ला क्रिटिकल रोल हा डी अँड डी खेळून दाखवणारा ऑनलाइन शो सुरू झाल्यावर जी नवी गर्दी आली तिने खेळाआधी काय चालेल ते ठरवायचं सेशन झीरो, नकोसा प्रसंग थांबवायचं एक्स-कार्ड असल्या गोष्टी नेहमीच्या करून टाकल्या. त्यावरूनही भांडणं झाली, पण माझ्या टेबलावर आज मुली जास्त आहेत नि मला त्याचा आनंद आहे.

आणि आता २०२३. हा भाग नीट वाच, तुमच्या ग्रुपचं मूळ इथे आहे. जानेवारीच्या सुरुवातीला बातमी फुटली की विझर्ड्स ते जुनं ओपन गेम लायसन्स मोडीत काढून नवीन आणतेय, साडेसात लाख डॉलरच्या वर धंदा करणाऱ्याने वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्यायची. ह्या वेळी लोकांनी नुसत्या शिव्या दिल्या नाहीत, कंपनीच्या डी अँड डी बियॉन्ड वेबसाइटची वर्गणी रद्द करायला लागले. पायझोने इतरांना घेऊन स्वतंत्र लायसन्स जाहीर केलं. आणि २७ जानेवारीला विझर्ड्सने माघार घेतली, जुनं लायसन्स तसंच ठेवलं आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा करून टाकला. तीनेक आठवड्यांत! १९९४ ला जे अजिबात जमलं नव्हतं ते इथे जमलं, कारण ह्या वेळी गल्ल्याला हात लागला. ही लढाई बरोबर होती, मी स्वतः तेव्हा वर्गणी बंद केली.

पण त्यातून सगळ्यांना सवय लागली. ओरडलं की कंपनी हलते हे कळल्यावर प्रत्येक गोष्ट कंपनीच्या दिशेनेच ओरडायची. तुझे स्क्रीनशॉट बघ. रविवारी काय झालं? फायटरचे तीन हिट पॉइंट, म्हणजे जेमतेम जीव उरलाय, बरं करणारं पोशन पिऊन त्याच टर्नला वारपण करायचाय. डीएम म्हणाला पोशनला अ‍ॅक्शन जाते, टर्नची मुख्य चाल त्यातच खर्ची पडते, म्हणजे २०१४ चं पुस्तक. खेळाडू म्हणाला बोनस अ‍ॅक्शन, वरची छोटी चाल, वार शिल्लक राहतो, म्हणजे २०२४ चं. एवढंच. आणि दहा मेसेजच्या आत हासब्रो पैसे खाते, तू बूटलिकर, तू म्हातारा, बॉयकॉट, एआयची चित्रं, आणि एकजण ग्रुप सोडून गेला. पोशनचं काय ठरलं? मी शेवटपर्यंत शोधलं, काहीच ठरलेलं नाही. गंमत म्हणजे पोशन बोनस अ‍ॅक्शनने पिणं हा २०२४ च्या आधीच कितीतरी टेबलांवरचा घरगुती नियम होता, क्रिटिकल रोलवालेपण तसंच खेळायचे. म्हणजे तुमचा जुनंच-बरंवाला गडी ज्याला हासब्रोचं कारस्थान म्हणतोय तो नियम जुन्याच लोकांनी आणलेला आहे. कोणी टेबलाबद्दल दोन मिनिटं बोललं असतं तर हे निघालं असतं.

अजून एक, तुमचं भांडण दर दोन-तीन महिन्यांनी पहिल्यापासून सुरू होतं कारण ते कुठे साठतच नाही. यूझनेटवरचं नव्वदीतलं भांडण आजही शोधून वाचता येतं. गूगल प्लसवर जुन्या धाटणीच्या डी अँड डीवाल्यांची अफाट चर्चा होती, २०१९ ला गूगलने दुकान बंद केलं नि सगळं गेलं. डिस्कॉर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅप तर बंद खोल्या, गेल्या पावसाळ्यात काय ठरलं ते बाहेरच्याला सोड, आतल्यालाही सापडत नाही.

तर आता करायचं काय. माझ्या ग्रुपमध्ये नियमावरून वाद घालायचा तर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय घालायचा नाही असं ठेवलंय: पुस्तक कुठलं, टेबलावर नेमकं काय चाललं होतं, आणि डीएमने काय निर्णय दिला. फोर्जवाल्यांकडून ढापलेली आयडिया आहे. कंपनीबद्दल बोलायला वेगळा ग्रुप, तिथे हवं ते बोला, मीपण बोलतो. आणि ठरलेला नियम ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकायचा, तारीख घालून, म्हणजे पुन्हा उकरला की बोट दाखवता येतं. एडिशन मिसळून खेळायला काही हरकत नाही, आम्ही पोशन २०२४ चं घेतलंय आणि सरप्राइज २०१४ चं, कारण अचानक हल्ला झाल्यावर पहिली टर्न जाण्यातली भीती माझ्या टेबलाला आवडते, नव्यात नुसता इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळी ठरवायच्या फाशाला, डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो.

ग्रुप सोडून गेलेल्याला मेसेज करू नकोस, फोन कर. एडिशनचं नाव काढू नकोस, रविवारी येतोस का एवढंच विचार, आणि तो यायच्या आधी डीएमकडून पोशनचा निकाल लावून घे.